निघण्यापूर्वीची फेरी

सुनेने आपल्या सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं आणि अर्धं वाकलेलं. तेव्हा ती त्या घरची सून झाली नव्हती. व्हायचं की नाही, हे जरा घर बघून ठरवावं म्हणून होणाऱ्या नवऱ्याबरोबर आली होती. फाटकाशी एक पिवळी व्हॅन उभी होती आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेली एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई त्या व्हॅनभोवती सावकाश चालत होती. मागच्या चाकाशी थांबून तिने गुडघ्यांवर हात टेकले, गाडीच्या पोटाखाली नीट पाहिलं आणि पुन्हा चालायला लागली.

“काही हरवलंय का?” मुलीने विचारलं. आपण होऊन मदत केली तर बरं दिसेल, हाही हिशोब मनात होताच.

बाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, “नाही. हरवू नये म्हणून बघतेय.”

मग त्या सरळ उभ्या राहिल्या, हात झटकले आणि समोरच्या मुलीला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, “तूच का ती? ये. आत जाऊन बस, माझी दुपारची मुलं सुटायची वेळ झाली. अप्पा चहा करतील. बरा करत नाहीत, पण पी.”

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, वीसएक वर्षं गेली. ही पहिल्या भेटीची गोष्ट सुनेने किती पाहुण्यांना सांगितली असेल, त्याला गणती नाही. सांगताना ती सासूबाईंसारखी वाकूनही दाखवायची. पण पुन्हापुन्हा सांगितलेल्या गोष्टीचं असं होतं, की ती ओठांवर राहते आणि डोक्यातून निघून जाते.

सासूबाईंना अख्खी वस्ती व्हॅनमावशी म्हणायची. त्यांच्या माहेरी धुलाईचं दुकान होतं. इस्पितळाच्या चादरी आणायच्या, धुवायच्या, इस्त्री करून पोचवायच्या. भावाचा हात मोडला तेव्हा सतरा वर्षांच्या बहिणीने चादरींची गाडी हाकायला घेतली आणि भावाचा हात बरा झाल्यावरही सोडली नाही. लग्नानंतर गाडीचं नाव निघालं नाही, कारण नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. चालवायला सायकल आणि बसायला खुर्ची, एवढाच त्याचा संसारातला वाहनयोग. पण मुलगा दुसरीत असताना शाळेच्या व्हॅनचा चालक वर्षाच्या मध्येच काम सोडून गेला. पालक हवालदिल झाले. मावशी मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “किल्ली द्या. उद्या मुलं वेळेवर आली नाहीत तर परत घ्या.”

किल्ली पुढे अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडेच राहिली.

व्हॅनच्या थांब्यावरचे बाकीचे चालक सुरुवातीला खूप हसले. “मावशी, ब्रेक कुठे असतो माहीत आहे ना?” असं एकाने विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, “माझ्या पायाखाली आहे. तुमच्या तोंडाला कुठे दिसत नाही मात्र.” त्यानंतर थांब्यावर त्यांच्यासाठी सावलीतली जागा राखून ठेवली जाऊ लागली.

त्यांच्या कामाच्या दोन सवयी होत्या. एक, गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती पूर्ण फेरी मारायची आणि खाली वाकून बघायचं. लहान मुलं म्हणजे पाऱ्यासारखी. कोण कुठल्या चाकाशी घरंगळलेल्या पेन्सिलीमागे बसलंय, सांगता येत नाही. आणि दुसरी, गाडी बंद केल्यावर एकेका बाकावर नजर टाकत पुटपुटत मोजायचं. या दुसऱ्या सवयीला कारण होतं. एकदा एक चिमुरडी शेवटच्या बाकाखाली दप्तराला मिठी मारून झोपली होती. मावशींनी गाडीला कुलूप लावलं, घराच्या पायरीपर्यंत आल्या, आणि का कोण जाणे, परत वळल्या. मुलगी सापडली तेव्हा झोपेतच हसत होती. मावशींना मात्र पुढे आठवडाभर घास गोड लागला नाही. तेव्हापासून गाडी रिकामी झाली असं त्यांना डोळ्यांनी सांगून पटत नसे. मोजून झालं की मगच पटे.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी शाळेचं काम सोडलं. व्हॅन विकली आणि एक छोटी करड्या रंगाची जुनी मोटार घेतली. हाताला चाक नसलं की मला आजारी असल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणत. लवकरच त्यांना प्रवासीही मिळाले. वस्तीतल्या तीन मैत्रिणी, तिघींचे मिळून सहा गुडघे, त्यांतला धड एकही नाही. आठवड्यातून तीन सकाळी मावशी त्यांना व्यायामोपचाराच्या केंद्रात नेऊ लागल्या. तिथे गुडघ्यांना शेक मिळायचा, पाय उचलायचे व्यायाम व्हायचे, आणि जाता-येता गाडीत जे बोलणं व्हायचं त्याने अर्धं दुखणं तर वाटेतच उतरायचं.

अप्पा म्हणजे सासरे. निवृत्त होतेच, मोटार घरात आल्यावर त्यांनीही गाडी शिकायचं मनावर घेतलं. बायकोकडून नाही. “तिच्याकडे शिकायचं म्हणजे रोज वार्षिक परीक्षा,” असं म्हणून रीतसर शिकवणी लावली आणि त्याच मोटारीची दुसरी किल्ली करून घेतली. कचेरीत फाइल जशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवायचे तशीच ते गाडी सरकवायचे: सावकाश, रस्त्याच्या मधोमध आणि मागच्यांची पर्वा न करता.

वर्षं सरत गेली. अप्पा चौऱ्याहत्तरचे झाले, मावशी सत्तरच्या. आणि इथूनच दोघांच्या म्हातारपणाला लोक दोन वेगळ्या मापांनी मोजायला लागले.

फाटकासमोरच्या बाकावर पेपरवाले नाना बसत. ते पेपर विकत नसत, अख्खा पेपर मोठ्याने वाचत, म्हणून पेपरवाले. अप्पांची गाडी बाहेर पडली की नाना पेपर खाली ठेवून म्हणायचे, “वा अप्पा! चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टेअरिंग! मानलं बुवा!” आणि मावशींची गाडी दिसली की तेच नाना, “वहिनी, पुरे की आता. बसायचं वय झालं.”

“बसूनच चालवते हो नाना,” मावशी काच खाली करून सांगायच्या. “उभं राहून अजून जमत नाही.”

घरातही वेगळं नव्हतं. अप्पांचा चष्मा एकदा फ्रिजमध्ये सापडला. सगळे पोट धरून हसले. “मोठी माणसं विसरभोळीच असतात,” मुलगा कौतुकाने म्हणाला. त्याच आठवड्यात मावशींनी नातीला चुकून मुलाच्या नावाने हाक मारली, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे हात ताटातच थांबले, जणू कुणीतरी ग्लास फोडला. अप्पांना हाक मारली की ते खुर्चीसकट सबंध वळून बघत. सगळ्यांना ते मोठं रुबाबदार वाटे. मावशी उठताना ओट्याचा आधार घेत. ते बघून सून आणि तिचा नवरा एकमेकांकडे चोरून पाहत. साठी बुद्धी नाठी, ही म्हण त्या घरात कुणी उच्चारली नाही. पण मनातल्या मनात ती फक्त एकीलाच लावली जात होती.

खरं तर सुनेच्या मनात ती पक्कीच बसायला लागली होती. कारण तिने दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एकदा बाजाराजवळ गाडी उभी केल्यावर सगळे उतरले, तरी सासूबाई मागच्या दारात वाकून रिकाम्या सीटकडे बघत काहीतरी मोजत होत्या. रिकाम्या गाडीत! आणि दुसरी गोष्ट अधिक विचित्र. अलीकडे गाडी अप्पा चालवणार असले तरी सासूबाई गाडीभोवती फिरत. एकदा नाही, कधीकधी दोनदा. चालक असताना फेरी मारणं ही सवय म्हणता येईल. पण शेजारच्या सीटवर बसायचं असताना? आपल्याला कुठलं दार उघडायचं तेच यांना आठवत नसेल का, असं सुनेला वाटायचं.

त्यातच गाडीला पोचे यायला लागले. आधी मागच्या दाराला ओरखडा. मग मागचा दिवा फुटला. मग फाटकाच्या खांबाचा कोपरा ढासळला आणि शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या गेल्या. “गाडी आहे, लागायचंच,” एवढंच मावशी म्हणाल्या. अप्पांनी वर पाहिलंही नाही. ते तेव्हा शब्दकोडं सोडवत होते. कुणी केलं हे कुणी विचारलंच नाही. विचारायचं असतं ते माहीत नसतं तेव्हा.

एका रात्री जेवताना, मावशी लवकर झोपायला गेलेल्या असताना, मुलाने विषय काढला. “आईची किल्ली काढून घ्यायला हवी. उद्या कुणाला लागलं तर?” मग बायकोकडे बघून, “तूच बोल तिच्याशी. बाईने बाईला सांगितलं की लागत नाही.”

“लागतं,” सून म्हणाली.

कॉलेजात जाणारी नात ताटातून मान वर करून म्हणाली, “अप्पांची पण घेणार का?”

“अप्पांचं वेगळं आहे.”

“वेगळं म्हणजे काय?”

“जेव,” बाप म्हणाला.

सून दुसऱ्या दिवशी बोलणार होती. त्या दिवशी तिच्या कचेरीत नवी संगणक प्रणाली आली. सगळे शिकायला बसले. सून पुढे सरकली तर पंचविशीतला एक सहकारी मोठ्या आदराने म्हणाला, “मॅडम, तुम्ही राहू द्या, तुमचं मी करून देतो.” तिच्याहून सात वर्षांनी मोठ्या, टक्कल पडलेल्या साहेबांना मात्र तो म्हणाला, “सर, तुम्ही सांगा, तुमचा अनुभव दांडगा.” त्या सरांना संगणक चालू करायलाही दुसरा माणूस लागायचा. सून सेहेचाळीस वर्षांची होती. घरी येईपर्यंत तिची कानशिलं तापलेली होती. आणि तापलेल्या कानशिलांनीच ती सासूबाईंच्या खोलीत गेली आणि नेमकं तेच केलं.

“आई, जरा बोलायचं होतं.”

मावशी पलंगावर बसून कॅनव्हासच्या बुटांना नवी नाडी ओवत होत्या. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं. “त्याने पाठवलं?”

“आम्ही दोघांनी ठरवलंय. गाडीला सारखं लागतंय... तुम्हाला काही झालं तर...”

“बरं,” मावशी म्हणाल्या. उशीखालून किल्ली काढली. हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला. “मग तिघींना कोण नेणार?”

“अप्पा नेतील ना.”

“अप्पा.” मावशींनी तो शब्द जरा तोंडात घोळवला. सुनेला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ओठ उघडलेही. मग त्यांनी किल्ली सुनेच्या तळहातावर ठेवली. “ठीक. मी बरोबर जाईन. दर वेळी. मला सोडून त्यांनी जायचं नाही, एवढं सांग तुझ्या नवऱ्याला.”

भांडण झालं असतं तर बरं, असं सुनेला वाटलं. बूट तसेच अर्धी नाडी ओवलेले पलंगाखाली गेले.

पुढचे दोन आठवडे अप्पा चालक झाले. मावशी घरच्या चपला घालून शेजारी बसत. गाडीतल्या गप्पा आटल्या, असं मैत्रिणींपैकी एकीने सुनेला दुकानात भेटून सांगितलं. “अगं, पूर्वी तुझी सासू बोलायची, आता नुसती समोर बघते. आम्हीही सीट घट्ट धरून बसतो. काय झालंय तिला?” सुनेने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “आईंचं काही खरं नाही.” मैत्रिणींनी सीट का घट्ट धरावी, हे मात्र तिने विचारलं नाही.

मग सुनेचाच खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टरांनी त्याच केंद्रात पाठवलं. तिघींपैकी एक मैत्रीण मुलीकडे गेली होती, म्हणून गाडीत जागाही होती. सकाळी सून मागच्या सीटवर जाऊन बसली. अप्पांनी पट्टा लावला, गाडी सुरू केली, फाटकाकडे पाठ करून उभी असलेली गाडी मागे घ्यायची होती. सासूबाई अजून बाहेरच. चपला फटफटत त्यांची फेरी सुरू झाली होती.

“आई, बसा ना आता,” सून काच खाली करून म्हणाली. आवाजात जरा जास्तच गोडवा होता. लहान मुलांशी आणि म्हाताऱ्या बायकांशी बोलताना येतो तसा.

सासूबाई गाडीच्या मागे दिसेनाशा झाल्या. अप्पांना वाटलं, दार लागल्याचा आवाज झाला. तो शेजाऱ्यांच्या दाराचा होता. त्यांनी मागचा गिअर टाकला. गाडी हातभर हलली.

आणि डिकीवर धाडधाड थापा पडल्या. “थांबा! अहो, थांबा!”

अप्पांनी करकचून ब्रेक दाबला. सुनेचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. ती दार उघडून मागे धावली. मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर, फाटकाच्या खांबाशी असलेल्या बुटक्या कठड्यावर पेपरवाले नाना बसले होते. बगलेत पेपर, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, बोटांत बुटाची नाडी. इतके खाली वाकलेले की गाडीतून त्यांच्या टकलाचा तुकडाही दिसला नसता. त्यांच्या बाजूला सासूबाई दोन्ही हात डिकीवर टेकून उभ्या होत्या, जणू गाडी त्यांनीच थोपवून धरली होती.

“नाना, जागा छान शोधलीत,” त्या म्हणाल्या.

“नाडी सुटली हो वहिनी...” नानांचा चेहरा त्यांच्या पेपरासारखा पांढरा झाला होता. “म्हटलं, अप्पा आहेत, बघतील मागे...”

“अप्पांना मागे बघता येत नाही!”

बोलून गेल्यावर सासूबाईंनी ओठ मिटले. पण सुटलेला बाण तो सुटलेला.

सून वळली. अप्पा तसेच बसले होते. दोन्ही हात चाकावर, नजर समोर घराच्या भिंतीवर. “काय झालं? कोण आहे मागे? सांगा की कुणीतरी!” ते ओरडत होते, भिंतीला विचारल्यासारखे. एवढा गोंधळ पाठीमागे चालला होता आणि त्यांनी मान वळवली नव्हती. सून बघत राहिली. मान वळवली नव्हती असं नाही. ती वळतच नव्हती. आणि एकदम तिला जेवणाच्या टेबलावरचा तो रुबाब आठवला. खुर्चीसकट सबंध वळणारे अप्पा.

त्या दिवशी व्यायाम राहिला. नानांना पाणी देऊन घरी पोचवलं. मैत्रिणींना फोन केला. तिघं स्वयंपाकघरात बसली. मग अप्पांनीच चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“दिवा मी फोडला. खांबही माझाच. कुंड्या...” ते जरा थांबले. “त्या दोन्ही माझ्याच. एक मात्र आधीच तडकलेली होती.”

“अप्पा, मान कधीपासून?”

“दोनेक वर्षं झाली असतील. डॉक्टरकडे गेलो तर गाडी बंद करा म्हणेल. मागे घेताना अंदाज असतो मला.” मग बायकोकडे न बघता, बघणं तसंही अवघडच होतं, ते म्हणाले, “आणि ही असते.”

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. “म्हणून तुम्ही फेरी मारत होता? अप्पा चालवणार असताना?”

“त्यांची मान वळत नाही, माझे पाय वळतात,” सासूबाई म्हणाल्या. “दोघांत मिळून एक चालक होतो.”

“मग बोलला का नाहीत? आम्ही सगळं तुमच्यावर ढकललं, किल्ली घेतली... तुम्ही नुसतं बरं म्हणालात!”

सासूबाईंनी टेबलावरचा अप्पांचा चष्मा उचलला, पदराआड न्यावा तसा तळहातात झाकून फुंकर घालून पुसला. “हे बघ. पस्तीस वर्षं या माणसाला कचेरीत लोक साहेब म्हणायचे. आता फक्त तो नाना ‘वा’ म्हणतो, तेही गाडी काढली तर. ते मी कशाला घालवू? आणि मी खरं सांगितलं असतं, तर तुझ्या नवऱ्याने काय केलं असतं? गाडीच विकली असती. दोन्ही किल्ल्या गेल्या असत्या. मग माझ्या तिघी घरात बसल्या असत्या आणि मीही. एक किल्ली राहिली तर निदान मागे कोण आहे ते बघायला मी तरी आहे, असा विचार केला.” चष्मा अप्पांसमोर सरकवत त्या म्हणाल्या, “आज मात्र घाबरले. चपला घालून धावता येत नाही.”

सुनेला आणखी एक विचारायचं होतं. विचारताना तिला लाजही वाटत होती. “आणि आई, बाजारात... रिकाम्या गाडीत तुम्ही कुणाला मोजत होता?”

“कुणाला म्हणजे?” सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. “मोजल्याशिवाय गाडी रिकामी आहे हे कळणार कसं?”

सुनेने कपाळावर हात मारला. नेमका आपटलेल्या जागी. आई गं, म्हणून ती ओरडली आणि मग तिघंही हसायला लागली, अप्पा सबंध अंग हलवत. हरवू नये म्हणून बघतेय. वीस वर्षं ते वाक्य ती पाहुण्यांना वाकून दाखवत आली होती.

संध्याकाळी मुलगा घरी आला. अप्पांनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मावशींनी जे भाकीत केलं होतं तेच शब्दशः केलं. “मग गाडीच विकून टाकू. विषय संपला.”

मावशींनी सुनेकडे पाहिलं. बघ, म्हटलं नव्हतं का, असं ते बघणं होतं. आणि त्या उठून जायला लागल्या.

“नाही,” सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मुलाने बूट काढता काढता थांबून वर पाहिलं. “आधी आईंची किल्ली घेतली, का, तर त्या आजी झाल्या. अप्पांची ठेवली, का, तर ते अप्पा आहेत. आता दोघांची घ्यायची, का, तर दोघं म्हातारी. यात कुणी गाडी चालवून बघितलीय का त्यांची? तपासायचं तर नीट तपासू. डोळे, कान, मान, काय असेल ते. आणि मग शिकवणीवाल्याला शेजारी बसवून गाडी चालवायला लावू. जमलं तर किल्ली, नाही जमलं तर नाही. दोघांनाही तोच नियम.”

“आणि मला?” नात आतून म्हणाली. “माझा पण लायसन्सचा अर्ज अडकलाय.”

“तुलाही तोच,” आई म्हणाली.

तपासणी झाली. अप्पांच्या मानेचे मणके झिजले होते. व्यायामाने थोडी सैल होईल, पण गाडी नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. अप्पांनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन किल्ली स्वतःच खिळ्यावर टांगली. गंमत म्हणजे, त्यानंतर ते जरा तरतरीतच दिसू लागले. “दोन वर्षं मागे बघायची भीती घेऊन पुढे जात होतो,” असं ते एकदा मुलाला म्हणाले. “सुटलो.”

मावशींचा चष्मा बदलावा लागला. कान उत्तम. अंधार पडल्यावर चालवू नका, असं डोळ्यांचा डॉक्टर मुलाकडे बघून म्हणाला. “ते मला सांगा,” मावशी म्हणाल्या. “आणि ते मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलंय.”

राहिली गाडी चालवायची परीक्षा. शिकवणीचा तरुण मास्तर शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसला. मुलगा आणि सून मागे. मुलाने रात्रभर कूस बदलली होती हे सुनेला माहीत होतं. मावशी अजून बाहेरच होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, नवी नाडी दोन्हींना पूर्ण ओवलेली. त्या पुढून निघाल्या, बाजूने गेल्या, मागे वाकल्या.

मास्तरने खिडकीतून मान बाहेर काढली. “आजी, काही हरवलं का?”

सून तोंड उघडणार होती. पण तिच्या आधी मुलगा म्हणाला, “नाही. हरवू नये म्हणून बघतेय.” आणि मग हळू आवाजात, जणू स्वतःलाच आठवण करून देत, “मी पण होतो त्या व्हॅनमध्ये. पहिला मलाच मोजायची.”

मावशी आत बसल्या. आरसा सारखा केला. अर्ध्या तासात त्यांनी गाडी चढावर थांबवली, अरुंद गल्लीत वळवली, दोन ट्रकांच्या मधे सरळ रेषेत लावली. एका चौकात मात्र मास्तर सांगत असताना चुकीच्या बाजूला वळल्या. मास्तर काही बोलणार तोच म्हणाल्या, “चुकलं. पुढून फिरवून आणते,” आणि फिरवून आणलीही. परत आल्यावर मास्तर म्हणाला, “आजींना माझ्याकडून हरकत नाही. फक्त हॉर्न अजिबात वाजवत नाहीत, तेवढं बघा.”

“सकाळी कुणाची तरी लेकरं झोपलेली असतात,” मावशी म्हणाल्या.

मागच्या सीटवर मुलाने इतका लांब श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. मावशींनी गाडी बंद केली, मागे वळल्या आणि मुलाकडे, सुनेकडे आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बोट करत पुटपुटल्या. मग समाधानाने मान हलवून खाली उतरल्या.

नाना अजून बाकावर बसतात. मात्र आता नाडीच्या बुटांऐवजी पट्ट्याच्या चपला घालतात, आणि मावशींची गाडी दिसली की पेपर जरा वर, तोंडासमोर धरतात.

सध्या मावशी एकाहत्तर वर्षांच्या आहेत. आठवड्यातून तीन सकाळी त्या तिघी मैत्रिणींना मागे आणि मानेच्या व्यायामासाठी अप्पांना पुढे बसवून केंद्रात नेतात, आणि दुपारच्या जेवणाआधी गाडी फाटकाच्या आत असते.